ॲडॅप्टर बनविताय? तारेतला गोंगाट आधी मोजा

आपल्यातील बरेच बंधू चार्जर आणि ॲडॅप्टर बनवितात. माल व्यवस्थित चालतो, तापत नाही, भावही परवडतो. तरी मोठा खरेदीदार ‘ईएमआयचा रिपोर्ट आणा’ म्हणतो आणि ऑर्डर अडते. हा रिपोर्ट कशाचा, ते आज आपण पाहू.

जड लोखंडी ट्रान्सफॉर्मरची जागा एसएमपीएसने घेतली. त्यातील ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. या झटक्यांचा काही अंश वायरीतून उलटा वीजपुरवठ्यात शिरतो व त्याच लाईनवरच्या इतर उपकरणांना त्रास देतो. रेडिओची खरखर हे त्याचे ओळखीचे लक्षण. यालाच कंडक्टेड ईएमआय म्हणतात.

1934 साली स्थापन झालेली सिस्पर ही आंतरराष्ट्रीय समिती याची मर्यादा ठरविते. संगणक, टीव्ही वगैरेंसाठी तिचे सिस्पर 32 हे मानक आहे. त्यात मोजणी 150 किलोहर्ट्झ ते 30 मेगाहर्ट्झपर्यंत होते. घरगुती मालासाठी, म्हणजे ‘बी’ वर्गात, अर्धा ते 5 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात क्वासी-पीक मर्यादा 56 डीबी मायक्रोव्होल्ट आहे. म्हणजे जेमतेम 0.63 मिलिव्होल्ट! सरासरीची मर्यादा याहून कडक, 46 डीबी.

मोजताना वीजपुरवठा आणि माल यांच्यामध्ये ‘लिसन’ नावाची पेटी जोडतात. ती बाहेरच्या लाईनचा गोंगाट अडविते आणि मालाचा गोंगाट रिसीव्हरकडे देते. माल लाकडी टेबलावर, जमिनीच्या धातूच्या पत्र्यापासून 80 सेंटिमीटर उंच ठेवतात. माल बंद ठेवून आधी एकदा मोजावे, म्हणजे जागेचाच गोंगाट किती ते कळते. माल पूर्ण लोडवर चालवूनच खरी मोजणी करावी.

एक इशारा. लिसनमधील मोठ्या कपॅसिटरमुळे अर्थिंगमध्ये बराच करंट उतरतो व ईएलसीबी पडते. म्हणून ईएलसीबी काढून टाकू नका. जिवाशी गाठ आहे. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरा आणि वीज देण्यापूर्वी लिसनचे अर्थिंग पक्के करा.

नापास झाल्यास घाबरू नका. गोंगाट फेज-न्यूट्रलमधला असेल तर एक्स कपॅसिटर उपयोगी पडतो. दोन्ही तारांतून एकाच दिशेने जाऊन अर्थिंगवाटे फिरणारा असेल तर कॉमन मोड चोक व वाय कपॅसिटर लागतो. वाय कपॅसिटरच्या जागी साधा कपॅसिटर कधीही लावू नका. तो शॉर्ट झाला तर ग्राहकाला शॉक बसेल.

पहिला नमुना तयार होताच चाचणी करावी. पाचशे नग बनल्यावर नापास झालात तर सर्किट बोर्डापासून सुरुवात करावी लागते. आणि शेवटी मुद्द्याची गोष्ट: नमुन्यात चोक लावून रिपोर्ट घ्यायचा व मालातून तो गाळायचा, ही बचत नव्हे, फसवणूक आहे. त्या चोकचे पैसे भावात धरा. रिपोर्ट ज्या मालाचा, तोच माल ग्राहकाच्या हाती गेला पाहिजे.