लाईन वाढवून भागत नाही : नेटवर्क इंजिनीअर होण्याची वाट

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालक हमखास विचारतात, “कॉम्प्युटरची आवड आहे, पण कोडिंगमध्ये मन रमत नाही. पुढे काय करायचं?” अशा मुलामुलींसाठी नेटवर्किंग हे उत्तम क्षेत्र आहे. घरात मात्र नाव काढताच ऐकू येतं, “म्हणजे वायरी ओढायचं काम ना?” सुरुवात वायरींपासून होते, हे खरंच आहे. पण या कामाचा कस लागतो तो पुढे, ऑफिसच्या इंटरनेटवर कोणत्या कामाला आधी वाट द्यायची हे ठरवताना.

काम नेमकं काय असतं?

समजा, ४० माणसांचं ऑफिस आहे आणि १०० एमबीपीएसची लाईन आहे. सकाळी अकराला सेल्सची मंडळी ग्राहकांशी इंटरनेटवरून बोलताहेत. तेवढ्यात अकाउंट्सच्या सर्व्हरचा बॅकअप क्लाउडवर चढू लागतो आणि कॉलचा आवाज तुटायला लागतो. मालक वैतागून म्हणतात, “लाईन २०० ची करून टाका!”

आता हिशेब करू. आवाजाच्या एका कॉलला एका दिशेने १०० केबीपीएसपेक्षाही कमी जागा लागते. दहा कॉल एकदम चालले तरी १ एमबीपीएसमध्ये भागतं. म्हणजे लाईन अपुरी नाही. बॅकअप मात्र मिळेल तेवढी लाईन व्यापतो. उद्या २०० ची घेतलीत, तर तीही भरून टाकेल. राउटरच्या तोंडाशी त्याच्या पॅकेटांची, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांची, रांग लागते आणि आवाजाची पॅकेटं त्या रांगेत मागे अडकतात. आवाजाचं पॅकेट साधारण दर २० मिलिसेकंदांनी निघतं. ते १५० मिलिसेकंदांच्या आत पलीकडे पोचावं, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. उशीर फार वाढला की माणसं एकमेकांचं बोलणं तोडू लागतात. बॅकअप दहा मिनिटं उशिरा संपला, तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

इथे इंजिनीअर तीन गोष्टी करतो. आवाजाच्या पॅकेटांवर खूण करतो. या खुणांना ० ते ६३ असे आकडे असतात आणि आवाजासाठी ४६ वापरण्याची पद्धत आहे. मग खूण असलेलं पॅकेट आधी सोडायला राउटरला सांगतो, पण त्या रांगेलाही मर्यादा घालतो, नाहीतर बाकीची कामं खोळंबतात. तिसरी गोष्ट नवशिके हमखास विसरतात. लाईन १०० ची असली तरी बाहेर जाणारा वेग राउटरवर ९५ च्या आसपास बांधायचा. तसं केलं तरच रांग आपल्या राउटरमध्ये लागते आणि आपला नियम चालतो. नाहीतर ती इंटरनेट कंपनीच्या उपकरणात लागते आणि तिथे आपल्या खुणेला कुणी विचारेलच असं नाही. या सगळ्याला क्यूओएस (क्वालिटी ऑफ सर्व्हिस) म्हणतात. नवी लाईन न घेता, तासाभराच्या कामात आवाज सुधारू शकतो.

हे कुणाला जमेल?

आधी कुणाला सोडायचं, याचं उत्तर जागेप्रमाणे बदलतं. कॉल सेंटरमध्ये आवाज पहिला. रिटर्न भरण्याच्या शेवटच्या आठवड्यात सीएच्या ऑफिसात आयकराचं पोर्टल पहिलं. ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी कॉलेजात परीक्षेचा सर्व्हर पहिला. शिवाय प्रत्येक विभागाला आपलंच काम अर्जंट वाटतं आणि सगळ्यांनाच पहिला नंबर दिला, तर तो कुणालाच मिळत नाही. म्हणून या कामाला माणसांचं ऐकून घेणारा, मोजून बघणारा आणि कारण सांगून नम्रपणे नाही म्हणणारा माणूस लागतो. गणितात ९५ टक्के हवेतच असं नाही. चिकाटी आणि नोंदी ठेवायची सवय मात्र हवीच.

शिक्षणाच्या वाटा

दहावीनंतर आयटीआयमध्ये कॉम्प्युटर हार्डवेअर आणि नेटवर्क मेंटेनन्सचा ट्रेड आहे. पॉलिटेक्निकचा कॉम्प्युटर किंवा आयटीचा डिप्लोमा केला, तर पुढे इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. बारावीनंतर बीएस्सी आयटी, बीसीए किंवा इंजिनीअरिंग आहेच.

सोबत नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्को कंपनीची सीसीएनए परीक्षा द्यावी. ती १२० मिनिटांची असते, फी सुमारे ३०० डॉलर आणि वर कर, आणि प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. पॅकेटांवर खूण करणं, रांगा लावणं, वेग बांधणं हे सगळं तिच्या अभ्यासक्रमात आहे. फी मोठी आहे, म्हणून तयारी पक्की झाल्याशिवाय अर्ज भरू नका. तयारीला महागडा क्लास लागतोच असं नाही. नेटवर्कचा सराव करून देणारं सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं, पॅकेट उघडून बघायला वायरशार्क फुकट आहे आणि एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं विनामूल्य आहेत. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ अशी पाटी लावणाऱ्या क्लासमध्ये लाखभर रुपये भरण्याआधी तिथली लॅब स्वतः जाऊन बघा. मुलांच्या हाताला खरे राउटर-स्विच लागत नसतील, तर तिथून परत फिरा.

घरी करून बघा

आवड खरी आहे का, हे एका संध्याकाळीही कळू शकतं. कॉम्प्युटरवर पिंग (पॅकेट जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागले ते दाखवणारी कमांड) चालू ठेवा आणि येणारे आकडे वहीत लिहा. मग त्याच वाय-फायवरून मोबाईलमधला एखादा मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवा. पिंगचे आकडे किती वाढले, तेही लिहा. नंतर राउटरमध्ये वेग बांधायची सोय असेल, तर अपलोड थोडं कमी करून पुन्हा मोजा. ‘असं का झालं?’ हा प्रश्न ज्याला जेवताना सुचतो, त्याने या वाटेला जरूर जावं.

पालकांच्या शंका

पहिली नोकरी बहुधा नेटवर्क ऑपरेशन सेंटरमधली असते. शिफ्ट ड्युटी, रात्रीचं काम आणि बेताचा पगार, हे आधीच माहीत असू द्या. पहिली दोन-तीन वर्षं शिकण्याची समजा. मुलींसाठी हे क्षेत्र नाही, हा समज मनातून काढून टाका. कामाची वेळ आणि घरी सोडण्याची सोय कंपनीला स्पष्ट विचारा, एवढंच.

‘क्लाउड आलं, एआय आलं, मग हे काम राहील का?’ ही भीती मी समजू शकतो. पण टॅली असो की मीटिंग, कामं जितकी ऑफिसबाहेरच्या सर्व्हरवर गेली, तितका ऑफिसच्या लाईनवरचा भार वाढला. कमांड टाईप करण्याचं काम यंत्र करू लागेल, म्हणून कोडिंगची आवड नसली तरी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची तोंडओळख आजच करून घ्या. कोणाचं काम थांबलं तर किती नुकसान होईल, हे मात्र त्या ऑफिसात वावरणारा माणूसच सांगू शकतो.

मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो : “नेट स्लो आहे, काय कराल?” लगेच उपाय सांगू नका. कुणाचं, किती वाजता आणि कोणत्या कामात स्लो आहे, ते आधी विचारा. घरी केलेल्या मोजणीची वही सोबत असेल, तर ती पुढे ठेवा. नवख्या उमेदवाराकडे याहून चांगला दाखला क्वचितच असतो.