डॉ. केरी यांचा सत्तरावा वाढदिवस

सत्तरी गांठलेल्या मनुष्याचा वाढदिवस म्हटला कीं हार, भाषणें व गुणगौरव हीं आमच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. बंगालमधील श्रीरामपूर येथील मिशनरी डॉ. विल्यम केरी यांनीं १७ ऑगस्ट १८३१ रोजीं वयाचीं सत्तर वर्षें पुरीं केलीं. १७९३ सालीं ते हिंदुस्थानांत आले, ते पुन्हां स्वदेशीं गेलेच नाहींत. त्या दिवशीं पुत्रास लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं आपल्या कामगिरीची जंत्री दिली नाहीं. देवाच्या दयेनेंच आपण एवढे जगलों असें लिहून, आपलीं पापें व प्रभूच्या कामांतील हयगय यांचाच त्यांनीं पाढा वाचला.

हयगय! मराठीपुरतेंच पाहूं. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत ते आमची भाषा शिकवीत. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साह्यानें त्यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण व १८१० सालीं कोश प्रसिद्ध केला. कोशांतील मराठी शब्द मोडींत आहेत. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं किती जणांस ते वाचतां येतील, कोण जाणे! पुढें ११ मार्च १८१२ रोजीं श्रीरामपूरचा छापखाना जळाला आणि कित्येक वर्षांच्या श्रमाचीं हस्तलिखितें एका रात्रींत गेलीं. केरी तेव्हां पन्नास वर्षांचे होते. त्यांनीं पुन्हां लेखणी हातीं धरली.

सत्तरीनंतरही बंगाली शास्त्राची तपासणी चालूच होती. ती १८३२ सालीं संपली. पाय थकले तेव्हां खुर्चींत बसवून त्यांस त्यांच्या आवडत्या बागेंत फिरवीत. ९ जून १८३४ रोजीं ते श्रीरामपुरासच वारले.