कुंपण जमिनीखाली तपासा

इंदूरच्या आसपास प्लॉट घेतलेल्या माणसाला कुंपणाची आठवण हटकून मे महिन्यात येते. पावसाळा तोंडावर, रान माजणार, शेजारचा माणूस हळूच आत सरकणार, अशी धास्ती असते. आम्हीही त्याच दिवसांत राऊच्या पुढच्या आमच्या प्लॉटला तारफेन्सिंग करून घेतली. सिमेंटचे पोल, चेनलिंक जाळी, वर काटेरी तारेच्या दोन ओळी. ठेकेदार ओळखीतून आलेला, भाव रनिंग फुटावर आणि इतरांपेक्षा कमी. खोली किती, जाळी कोणती, असं विचारलं तर उत्तर एकच: "भिया, टेन्शन मत लो." इंदूरात हे वाक्य ऐकल्यावर पुढचा प्रश्न विचारणं उद्धटपणाचं मानतात.

गणपती आले तोवर रस्त्याकडची ओळ बाहेर कलली होती आणि जाळीला पोट सुटलं होतं. दुसरा मिस्त्री बोलावला. त्याने काही न बोलता एक पोल दोन्ही हातांनी हलवला आणि सरळ उपटून आडवा ठेवला. जेमतेम फूटभर जमिनीत होता. बुडाशी काँक्रीट नव्हतं, दगडमाती भरलेली. फक्त खड्ड्याच्या तोंडावर सिमेंटचा थर फासलेला, वरून बघणाऱ्याचं समाधान होईल इतपत.

माळव्याची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातभर भेगा पडतात. या फुगण्या-आकसण्यात उथळ पोल टिकूच शकत नाही. मे महिन्यात ती माती इतकी कडक असते की पहार उसळून परत येते, आणि मजूर फूटभर खणून "हो गया" म्हणतो. म्हणून माझं मत असं की फार अडलं नसेल तर कुंपण दिवाळीनंतर घालावं. माती तेव्हा खणण्याजोगी असते आणि पोल पक्का व्हायला पुढचा पावसाळा येईपर्यंत वेळ मिळतो.

या दुसऱ्या मिस्त्रीचं काम मी बसून पाहिलं. काळा थर संपून पिवळसर मुरमाचे खडे पहारीला लागेपर्यंत तो खणायचा थांबत नव्हता. सात फुटी पोल, त्यातला दोन फूट जमिनीत, भोवती काँक्रीट ठासलेलं. पोलांमधलं अंतर आठ-दहा फूट. कोपऱ्याच्या पोलाला दोन्ही बाजूंनी तिरपे टेकू, कारण ताणलेल्या जाळीची सगळी ओढ कोपऱ्यावर येते. काँक्रीट आळल्याशिवाय त्याने जाळीला हात लावला नाही. पहिल्या ठेकेदाराने सकाळी पोल रोवून संध्याकाळी जाळी ताणली होती. तुमच्या जागेत काळा थर खोल असेल तर पोलही लांब घ्यावा लागेल. त्याचे पैसे वाचवू नका.

जाळीचं गणित आणखी फसवं. तारेच्या गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते. 10 गेजची तार साधारण 3.25 मिलिमीटर, 12 गेजची 2.64. आकड्यात फरक दोनाचाच, पण भोकांचा आकार तोच ठेवला तर लोखंड जवळपास एक तृतीयांश कमी. उंची आणि भोकं सारखी असली की नजरेला दोन्ही जाळ्या सारख्याच दिसतात, आणि रनिंग फुटाच्या भावात हा फरक बेमालूम जिरतो. सियागंजात किंवा लोहामंडीत जाऊन जाळीचा किलोचा भाव काढा आणि आलेला रोल वजन करून घ्या. गेज, भोकांचं माप आणि जस्ताचा मुलामा या तिन्ही गोष्टी कोटेशनमध्ये लिहून मागा. चेनलिंक जाळीसाठी आयएस 2721 हे भारतीय मानक आहे, त्याचा उल्लेख करा. मानकाचं नाव काढल्यावर ज्याचा चेहरा पडतो, त्याला चहा पाजून परत पाठवावं.

हद्दीचं काम ठेकेदाराकडे अजिबात सोपवू नका. आमच्याकडे त्याने शेजाऱ्याच्या जुन्या तारेला दोरी मिळवून ओळ आखली, आणि ती जुनी तारच मुळात वाकडी होती. मंजूर कॉलनीतला प्लॉट असेल तर लेआउटचा नकाशा आणि रजिस्ट्रीतली चतुःसीमा घेऊन कॉलनायझरच्या माणसाकडून खुंट्या मारून घ्या. शेतजमीन असेल तर तहसीलमध्ये सीमांकनाचा अर्ज करा. मध्य प्रदेशच्या भू-राजस्व संहितेतलं 129 वं कलम त्यासाठीच आहे, आणि ही सेवा लोकसेवा गॅरंटीत येत असल्याने अर्ज लोकसेवा केंद्रातून देता येतो. खुंट्या मारताना शेजाऱ्याला बोलवा, फोटो काढा. कॉलनीत खणण्याआधी नर्मदेची पाइपलाइन आणि विजेची केबल कुठून गेली आहे, तेही विचारून घ्या.

पहिल्या ठेकेदाराशी वाद घालायला माझ्याकडे फक्त एक चिठ्ठी होती: लांबी, भाव, एकूण रक्कम. खोलीचा शब्द नाही, गेजचा नाही. फोनवर आधी "आता हूँ", मग घंटी वाजत राहायची. कागद पक्का असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाचं दार उघडं असतं. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही. 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

पैसे टप्प्याने द्या. मालापुरता अ‍ॅडव्हान्स, खड्डे दाखवल्यावर दुसरा हप्ता, जाळी ताणल्यावर तिसरा, आणि थोडी रक्कम पहिला पावसाळा पार पडेपर्यंत हातात. चांगला कारागीर या अटीला कुरकुरतो, पण तयार होतो.

आणि खड्डे भरले जातात त्या दिवशी रजा टाकून जागेवर हजर राहा. फूटपट्टी बरोबर घ्या.