सर्व्हरची नाडीपरीक्षा

रायपूरमध्ये २०१२ साली ‘कोअर पीडीएस’ योजना सुरू झाली आणि शिधापत्रिकाधारकास पसंतीच्या दुकानातून धान्य घेण्याची मुभा मिळाली. अशा व्यवस्थेत व्यवहाराची नोंद मध्यवर्ती सर्व्हरवर होते. तो मंदावल्यास रांगेतील कुटुंबाचे धान्य अडते. म्हणून त्यावर अखंड देखरेख हवी. प्रथम प्रोसेसर, मेमरी, डिस्क व नेटवर्क यांवरील नित्याचा भार काही आठवडे नोंदवावा. त्यात गर्दीचे दिवस अवश्य असावेत. त्यावरून इशाऱ्याची मर्यादा ठरवावी. दुकानातून केलेल्या मागणीस उत्तर मिळण्यास लागणारा वेळही मोजावा, कारण सर्व्हर सुस्थितीत असूनही जोडणी खंडित असू शकते. देखरेखीची प्रणाली स्वतंत्र संगणकावर ठेवावी. अन्यथा सर्व्हर बंद पडताच इशारा देणारीही मुकी होईल.