मेंढपाळाच्या कुत्र्याचा दुर्मीळ रंग आणि त्याचा अनुवंश

मेंढपाळाच्या संसारात मेंढीच्या खालोखाल कोणत्या जनावराची किंमत असेल, तर ती कुत्र्याची होय. माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याचे पाणी आल्यापासून वेळापूरच्या आसपासच्या बऱ्याच जमिनी उसाखाली गेल्या व मोकळी चराऊ राने आक्रसली. तरीही सांगोला, माण व माळशिरस या भागांतील धनगर बांधव आपले कळप घेऊन दरवर्षी दूरदूर जातात, शेतात मेंढ्या बसवून खत देतात आणि रात्री वाघरीच्या आत कळप कोंडून राखण करतात. या राखणीत कुत्र्याचा कान आणि नाक हीच खरी शस्त्रे होत. सोलापूर जिल्ह्याच्या माळरानांवर लांडगा अजून आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरातही त्याचा वावर आहे. म्हणून ज्या कुत्र्याला अंधारातील चाहूल लागत नाही, ते कुत्रे कळपाच्या कामाचे नाही, मग त्याचा रंग कितीही मोहक असो.

अलीकडे मात्र कुत्र्याची पारख कामावरून न होता रंगावरून होऊ लागली आहे. अल्सेशियन, कोली यांसारख्या मूळच्या परदेशी मेंढपाळ जातींची पिल्ले 'दुर्मीळ रंग' म्हणून चढ्या भावाने विकली जातात. निळसर राखी, फिकट तपकिरी, ढगाळ कबरा, पांढराशुभ्र असे हे रंग असतात. हे रंग कसे उत्पन्न होतात, त्यांपैकी निरुपद्रवी कोणते व घातक कोणते, हे ग्रामसेवकांना व शेतकरी बंधूंना समजावे, या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

रंग कशाने ठरतो?

कुत्र्याच्या केसांत मुख्यतः दोनच रंगद्रव्ये असतात. एक काळे व दुसरे तांबूस-पिवळे. ही द्रव्ये किती प्रमाणात तयार व्हावीत, अंगाच्या कोणत्या भागात उतरावीत, गडद असावीत की फिकट, हे गुणघटक, म्हणजेच जनुके, ठरवितात. कुत्र्याच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात. मेंढीत त्या २७ असतात. जोडीतील एक गुणसूत्र आईकडून व एक बापाकडून येते. त्यामुळे प्रत्येक गुणघटकाच्या दोन मात्रा पिल्लाला मिळतात.

काही गुणघटक प्रभावी असतात. त्यांची एक मात्रा असली तरी गुण प्रकट होतो. काही सुप्त असतात. त्यांच्या दोन्ही मात्रा एकत्र आल्याखेरीज गुण दिसत नाही. ग्रेगॉर मेंडेल याने वाटाण्यावरील प्रयोगांतून हा नियम शोधून १८६६ साली प्रसिद्ध केला. १९०० साली तो पुन्हा उजेडात आला. कुत्र्यांच्या रंगांबाबत अमेरिकन शास्त्रज्ञ क्लॅरेन्स लिटल याचा ग्रंथ १९५७ साली निघाला. पुढे प्रत्यक्ष गुणघटकच ओळखता आल्यामुळे हे ज्ञान अधिक पक्के झाले.

येथे एक सूचना आवश्यक आहे. मेंढीचा नियम कुत्र्याला जसाच्या तसा लावू नये. पांढऱ्या लोकरीच्या अनेक जातींत पांढरा रंग प्रभावी व काळा सुप्त असतो, म्हणून दोन पांढऱ्या मेंढ्यांच्या पोटी कधी काळे कोकरू निपजते. कुत्र्यात सर्वांगी काळा रंग बहुधा प्रभावी असतो. रंग तोच, परंतु त्याची वारसा-रीत वेगळी.

सुप्त रंग : तपकिरी, राखी व पांढरा

काळ्या द्रव्याला तपकिरी करणारा एक सुप्त गुणघटक आहे. समजा, काळा कुत्रा व काळी कुत्री या दोघांजवळ तपकिरी रंगाची एकेक मात्रा दडलेली आहे. दिसावयास दोघेही काळेच. त्यांच्या पिल्लांत सरासरीने चारांत तीन काळी व एक तपकिरी निघेल. अशा वेळी 'कुत्री बाहेर गेली असावी' असा संशय घेतला जातो. पण दोष कोणाचाच नसतो, दडलेल्या दोन मात्रा एकत्र आल्या एवढेच. चारांत एक हे प्रमाण पुष्कळ पिल्लांवरून काढलेली सरासरी आहे. एखाद्या वेतात एकही तपकिरी पिल्लू नसेल, तर एखाद्यात तीनही असतील.

दुसरा सुप्त गुणघटक काळा रंग विरळ करून त्याला निळसर राखी छटा देतो. तपकिरी व विरळ हे दोन्ही गुण एकाच पिल्लात उतरले म्हणजे जांभळट फिकट रंग होतो. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरील बॉर्डर कोली या मेंढपाळ जातीत हा रंग फार थोड्या कुत्र्यांत दिसतो. आईबाप दोघांतही दोन्ही गुण दडलेले असतील, तर असे पिल्लू सरासरी १६ मध्ये १ निपजते. त्याच्या दुर्मीळपणाचे सारे रहस्य या हिशेबात आहे. त्यात कुत्र्याच्या गुणवत्तेचा काहीही भाग नाही. उलट, विरळ रंगाच्या काही कुत्र्यांत पुढे केस झडण्याचा व त्वचेचा विकार जडतो.

अल्सेशियनमधील पांढरा रंगही सुप्त आहे. दोन नेहमीच्या काळ्या-तांबड्या अल्सेशियनांना पांढरे पिल्लू होऊ शकते व ते सहसा निरोगी असते. म्हणून पांढरे ते सर्व बहिरे, असे समीकरण मांडू नये.

घातक रंग : दोन मात्रांचा मर्ल

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. कोली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड व क्वचित बॉर्डर कोली या मेंढपाळ जातींत 'मर्ल' नावाचा रंगप्रकार असतो. फिकट राखी अंगावर काळे वेडेवाकडे तुकडे, जणू विरलेल्या ढगांतून गडद आभाळ दिसावे, असे त्याचे रूप. कित्येकदा एक किंवा दोन्ही डोळे निळे असतात. या रंगाचे कारण २००६ साली सापडले. रंगपेशींच्या कार्याशी संबंधित एका जनुकात बाहेरचा एक लहान तुकडा घुसलेला असतो.

मर्लचा गुणघटक सुप्त नाही. त्याची एक मात्रा पुरेशी होते. म्हणून मर्ल व साधा यांच्या संयोगातून सरासरी निम्मी पिल्ले मर्ल निघतात. याउलट मर्ल-मर्ल संयोगात सरासरी चारांत एक साधे, दोन मर्ल व एक दोन मात्रांचे पिल्लू निपजते. हे चौथे पिल्लू बहुधा पुष्कळसे पांढरे असते आणि त्यातच धोका आहे.

याचे कारण असे. गर्भावस्थेत रंगपेशी त्वचेकडे जातात, तशाच त्या अंतःकर्णात व डोळ्यातही जातात. तेथे त्यांचे काम केवळ रंगाचे नसते. अंतःकर्णातील रंगपेशी नसतील तर ऐकण्याच्या पेशी जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत मरतात. डोळ्यांच्या बाबतीत बुबुळ विद्रूप होणे, डोळा बारीक राहणे, दृष्टी मंद असणे किंवा अजिबात नसणे असे दोष संभवतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात १५३ मर्ल कुत्र्यांची श्रवणचाचणी केली गेली. एक मात्रा असलेल्यांपैकी सुमारे ४ टक्के कुत्री एका किंवा दोन्ही कानांनी बहिरी होती. दोन मात्रा असलेल्यांपैकी हे प्रमाण २५ टक्के होते.

आणखी एक फसगत ध्यानात ठेवावी. मर्लचा परिणाम काळ्या रंगद्रव्यावर दिसतो. सर्वांगी पिवळ्या किंवा तांबूस कुत्र्यात काळे द्रव्य केसांत नसल्याने मर्ल असूनही तो डोळ्यांना दिसत नाही. अशा कुत्र्याचा मर्लशी संयोग केला, तर न कळत मर्ल-मर्ल संयोग घडतो. म्हणून ज्या जातींत मर्ल आढळतो, त्यांतील पिवळ्या कुत्र्याचे आईबाप कोण हे विचारल्याशिवाय त्याचा जोडीसाठी उपयोग करू नये. रक्त अथवा गालाच्या आतील पेशी घेऊन प्रयोगशाळेत याची जनुकीय चाचणी करता येते.

एक मात्रा हिताची, हा नियम सर्वत्र नाही

एका व दोन मात्रांचा फरक मेंढपाळांना नवा वाटू नये. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबन भागातील गरोळ मेंढीतील जुळ्यांचा गुणघटक दख्खनी मेंढीत आणला व 'नारी सुवर्णा' हा वाण तयार केला. त्या गुणघटकाची एक मात्रा असलेल्या मेंढीला जुळी कोकरे होण्याचे प्रमाण वाढते. दोन मात्रांनी कोकरांची संख्या आणखी वाढू शकते, परंतु मेंढपाळाला आईच्या दुधाचा व कोकरांच्या जगण्याचा विचार करावा लागतो. तेथे शास्त्रज्ञांनी आधी उपयोग पाहिला, मग गुणघटक पसरविला. कुत्र्यांच्या बाजारात मात्र आधी रंग पसरविला जातो व परिणाम विकत घेणाऱ्याच्या दारात उमटतात.

दुर्मीळ रंग लवकर हाती यावा म्हणून बाप-मुलगी किंवा भाऊ-बहीण यांचा संयोग करण्याचीही रीत आहे. सुप्त रंग याने खरोखरच लवकर प्रकट होतो, परंतु त्याच न्यायाने सुप्त रोगही प्रकट होतात. मेंढपाळ एकच एडका कळपात वर्षानुवर्षे ठेवत नाही, तो बदलतो. तेच शहाणपण कुत्र्याच्या बाबतीतही लावावे.

आपल्या धनगरी कुत्र्याविषयी

आपल्या वाड्यांवरील कुत्री एखाद्या ठरीव जातीची नसतात. काळी, पिवळी, तांबडी, बांडी अशी अनेक रंगांची असतात. मुधोळ किंवा कारवान कुत्रा आपल्या परिचयाचा आहे, पण तो मुळात नजरेने पाठलाग करणारा शिकारी कुत्रा, मेंढ्या वळणारा नव्हे. धनगरी कुत्र्याची निवड रंगाने न होता पिढ्यान्‌पिढ्या कामाने झाली आहे. जो भुंकला नाही, जो कोकराच्या मागे लागला, तो वाड्यावर टिकला नाही. ऊन, पायपीट व अपुरे अन्न यांना तोंड देणारे हे रक्त केवळ आकर्षक रंगासाठी परदेशी कुत्र्याशी मिसळून घालविणे तोट्याचे होय. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीला घोंगडीसाठी मोल आहे, म्हणून मेंढीचा रंग जपणे हा व्यवहार आहे. कुत्र्याच्या रंगातून घोंगडी विणली जात नाही.

औषधाबाबतही एक इशारा द्यावासा वाटतो. कोली व तत्सम मेंढपाळ जातींतील अनेक कुत्र्यांत असा एक अनुवंशिक दोष असतो की, मेंढ्यांना देतात ते आयव्हरमेक्टिन हे औषध अधिक मात्रेत पोटात गेल्यास त्यांच्या मेंदूवर विषारी परिणाम होतो. या दोषाचे कारण २००१ साली उघड झाले. त्याचा रंगाशी संबंध नाही, म्हणून रंग पाहून तो ओळखता येत नाही. मेंढ्यांचे औषध अंदाजाने कुत्र्याला देऊ नये व औषध पाजलेल्या मेंढ्यांच्या लेंड्या अशा कुत्र्यास खाऊ देऊ नयेत.

पिल्लू घेताना व जोडी लावताना

१) पिल्लाचे आईबाप प्रत्यक्ष पाहावेत. दोघेही मर्ल असतील तर ते वेत टाळावे.

२) मर्ल कुत्र्याची जोडी नेहमी साध्या, गडद रंगाच्या व मर्ल नसल्याची खात्री असलेल्या कुत्र्याशीच लावावी.

३) पिल्लू सहा आठवड्यांचे झाल्यावर ते पाठमोरे असताना थाळी किंवा टाळी वाजवावी. वाऱ्याची झुळूक किंवा जमिनीचा हादरा त्याला लागू देऊ नये. कान न टवकारल्यास दोन-तीनदा पुन्हा पाहावे. एका कानाचे बहिरेपण या रीतीने कळत नाही, हे विसरू नये.

४) समोर हात हलवून पिल्लाची नजर हाताबरोबर फिरते का, ते पाहावे. डोळा बारीक अथवा बुबुळ वेडेवाकडे असल्यास पशुवैद्यकास दाखवावे.

५) आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकत घेऊ नये. कुत्रा पैदास व विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या नियमांनुसार अशी विक्री निषिद्ध असून पैदासकाराने नोंदणी करणे आवश्यक आहे.

६) काळ्या कुत्र्यात तपकिरी रंग दडला आहे काय हे पाहावयाचे असल्यास मागील वेतांच्या नोंदी तपासाव्यात. त्याचा तपकिरी कुत्रीशी संयोग होऊन पाच पिल्ले झाली व पाचही काळी निघाली, तर त्यात तपकिरी दडला असण्याची शक्यता फारच कमी उरते. कारण दडलेला असता, तर सर्व पाचही काळी निघण्याचा योग ३२ मध्ये एकदाच येतो.

ग्रामसेवकांसाठी

प्रत्येक वाड्यावर एक साधी वही ठेवण्यास उत्तेजन द्यावे. तीत कुत्रीचे नाव, कुत्र्याचे नाव, वेताची तारीख, पिल्लांची संख्या, प्रत्येकाचा रंग, ऐकणे-पाहणे ठीक आहे की नाही व रेबीजच्या लसीची तारीख एवढेच रकाने पुरेत. दोन-तीन पिढ्यांच्या नोंदी झाल्या की कोणता गुण कोणाकडून उतरतो, हे मेंढपाळालाच दिसू लागेल. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र सांगोला तालुक्यातील महूद येथे आहे. मेंढ्यांच्या निवडीसंबंधी तेथे चौकशी करणाऱ्या बांधवांनी नोंदीची हीच सवय कुत्र्यांनाही लावावी.

आंधळे अथवा बहिरे पिल्लू जन्मलेच, तर ते रानात सोडून देऊ नये. कळपाच्या कामास ते उपयोगी नसले तरी घराच्या अंगणात हाताच्या खुणांनी शिकवून त्याचा सांभाळ करता येतो. मात्र त्यापासून पुढे पैदास करू नये आणि ज्या जोडीपासून ते झाले, ती जोडी पुन्हा लावू नये.

दुर्मीळ याचा अर्थ उत्तम असा नव्हे. सोळांत एकदा येणारा रंग हा केवळ मात्रांच्या हिशेबाचा परिणाम होय. रात्रीच्या पहिल्या चाहुलीला उठणारा, आपल्या कोकराला ओळखणारा आणि मालकाच्या हाकेसरशी परतणारा कुत्रा हीच मेंढपाळाची खरी दौलत आहे. पिल्लू निवडताना प्रथम कान तपासावा, नंतर डोळा, नंतर आईबापांचे काम, आणि सर्वांच्या शेवटी रंग.