ओढ्याकाठचे सीडार वन

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ओढ्यांच्या काठी लाल सीडारची दाट वने आहेत. हा वृक्ष आपल्या हिमालयातील देवदाराच्या कुळातला नाही. तो सायप्रस कुळातला असून १,००० वर्षांहून अधिक जगू शकतो.

त्याच्या सावलीने पाणी थंड राहते. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, म्हणून सॅमन मासे तेथे अंडी घालतात. खाली दाट वाढलेले नेचे माती धरून ठेवतात, त्यामुळे अंड्यांवर गाळ बसत नाही. पडलेले खोड लवकर कुजत नाही. त्याच्या आडोशाला डोह बनतो व पिल्ले वाढतात. अंडी घालून मेलेल्या सॅमनचे खत पुन्हा झाडांनाच मिळते.

प्रश्न : काठची झाडे तोडली तर मासे का घटतील? तीन कारणे लिहा.