प्रबंधातील इंडेंट आणि संहितेची ओळरचना : फैजपूर परिसराच्या संदर्भात

प्रबंधाच्या पानावर कोणता मजकूर अभ्यासकाचा आणि कोणता मूळ संहितेचा, हे वाचकास प्रथम समासावरून कळते. त्यामुळे परिच्छेद किती आत घ्यावा हा प्रश्न केवळ टंकलेखनाचा राहत नाही. तो संहितेच्या प्रामाण्याचाही ठरतो.

फैजपूर, यावल, रावेर या लेवा गणबोलीच्या पट्ट्यातील अभ्यासकापुढे साधारणपणे तीन प्रकारचा मजकूर असतो : स्वतःचे गद्य विवेचन, बहिणाबाई चौधरी यांच्यासारख्या कवयित्रीच्या काव्याची उद्धृते आणि बोलीतील शब्दांच्या नोंदी. या तिन्हींची मांडणी भिन्न असते. वर्डमधील रूलरवर डाव्या बाजूस असलेल्या तीन खुणा याच भेदासाठी उपयोगी पडतात. वरचा त्रिकोण परिच्छेदाची फक्त पहिली ओळ सरकवतो. गद्य विवेचनास तो पुरेसा आहे. खालचा त्रिकोण पहिली ओळ जागेवर ठेवून उरलेल्या ओळी आत नेतो. यास हँगिंग इंडेंट म्हणतात. शब्दनोंदीत बोलीतील शब्द समासाशी उठून दिसावा आणि अर्थ व वाक्यप्रयोग आत राहावेत, यासाठी तो योग्य होय. त्याखालचा चौकोन संपूर्ण परिच्छेद आत घेतो. दीर्घ गद्य उताऱ्यासाठी त्याचा व उजवीकडील त्रिकोणाचा एकत्र उपयोग करावा. आल्ट कळ दाबून खूण सरकवल्यास नेमके माप रूलरवर दिसते.

काव्याच्या बाबतीत अधिक दक्षता अगत्याची आहे. ग्रांथिक ओवीत पहिले तीन चरण यमकबद्ध, तर चौथा आखूड असतो. चरण चुकीच्या जागी तुटल्यास छंदच डोळ्यांआड होतो. एका कडव्याचे चरण शिफ्ट-एंटरने तोडल्यास संपूर्ण कडवे एकच परिच्छेद राहते आणि चौकोन सरकवताच सर्व चरण एकत्र आत जातात. मात्र असा परिच्छेद डावीकडे जुळवलेला असावा. दोन्ही समासांशी जुळवल्यास आखूड चरणांतील शब्द ताणले जातात. चरण लांब असून पुढील ओळीवर उतरत असेल, तर प्रत्येक चरण स्वतंत्र परिच्छेद करून त्यास हँगिंग इंडेंट द्यावा, म्हणजे उतरलेला भाग नवा चरण भासत नाही.

बहिणाबाईंच्या संदर्भात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो. त्या निरक्षर होत्या. त्यांची गाणी सोपानदेव चौधरी व एका आप्ताने उतरवून घेतली आणि आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. म्हणजेच छापील ओळरचना ही मुळात ऐकणाऱ्याने व संपादकाने केलेली मांडणी आहे. अभ्यासकाने ती नकळत बदलल्यास मौखिक रचनेवर आणखी एक अघोषित संस्करण चढते. यास्तव कोणत्या आवृत्तीची ओळरचना स्वीकारली, याचा निर्देश प्रबंधात असावा.

प्रत्यक्षात मात्र अनेक प्रबंधांत ही जागा स्पेसबारने भरलेली आढळते. या सवयीचे मूळ टंकलेखन यंत्रात आहे. तेथे स्पेसबारचा टप्पा ठरावीक असल्याने पाच टप्पे सर्वत्र सारखेच पडत. संगणकावर मात्र मोकळ्या जागेची रुंदी फॉन्टनुसार बदलते. जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित मजकूर युनिकोडमध्ये आणताना स्पेसने जुळवलेले चरण विस्कळीत होतात ते यामुळेच. रूलरने दिलेला इंडेंट परिच्छेदाचा गुणधर्म असल्याने फॉन्ट बदलला तरी त्याचे माप कायम राहते. प्रबंधाची विद्युतप्रत शोधगंगेवर ठेवली जाते, तेव्हा विस्कटलेला चरण पुढील अभ्यासकापर्यंत तसाच पोहोचण्याचा संभव असतो.

तथापि रूलरचा परिणाम निवडलेल्या परिच्छेदांपुरताच असतो. तीनशे पानांच्या प्रबंधात प्रत्येक उताऱ्यासाठी खुणा पुन्हा सरकवणे श्रमाचे असून त्यात विसंगतीही शिरते. म्हणून रूलरवर एकदा माप निश्चित करून ‘गद्यउतारा’, ‘काव्यउतारा’ आणि ‘शब्दनोंद’ अशा तीन स्टाइल तयार कराव्यात. पुढे माप बदलावे लागल्यास स्टाइलमधील एका बदलाने सर्व उतारे बदलतात.

संहितेचा अभ्यास शब्दांपुरता मर्यादित नसतो. ओळ कोठे थांबते हाही त्याचा भाग आहे. कवितेचा चरण जपण्याची जबाबदारी टंकलेखकावर सोपवता येत नाही. ती अभ्यासकाचीच आहे.